दुसऱ्या कॅसेटमधले तीन फेरे

आमच्या गायन पार्टीची पहिली कॅसेट इतकी वाजली की तिनं मला एक नवं नाव मिळवून दिलं. हिंगोलीच्या बसस्टँडवर उतरलो की चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडायचं, "ओ शेतात उगवलेले, या, चहा घ्या!" टपरीवरचे सगळे हसायचे. मीही हसायचो, पण दात दिसतील एवढंच. आतून नुसता जळायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्या नावामागची गोष्ट सांगतो. आमची पार्टी डोंगरकडा गावाच्या बाजूची, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही जयंतीच्या एप्रिल महिन्यात कळमनुरी, सेनगाव, औंढा असं सगळीकडे फिरायचो. पार्टीचे प्रमुख गायक उस्ताद. पन्नाशीचा, जाड आवाजाचा, सरळ माणूस. समोर गायला ताई. मागं ढोलकी, ऑक्टोपॅड, चारजणांचा कोरस आणि बेंजोवर मी. टायपिंग मशीनसारखी बटणं असलेलं हे तारांचं वाद्य मी ॲम्प्लिफायरला जोडून असं वाजवायचो की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवायची आणि पोरं नाचायची. दिवसा मी हिंगोलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचो. अक्षर चांगलं होतं, शब्द जुळवता यायचे, म्हणून उस्तादांची कडवीही मीच लिहायचो.

कार्यक्रमात आधी वंदना, मग समाजाची गाणी, आणि शेवटी सामना. लोक सामन्यासाठीच थांबायचे. सामना म्हणजे पुरुषानं बाईवर कडवं टाकायचं आणि बाईनं ते परतवायचं. कुणी काय टाकणार हे समोरच्याला आधी दाखवायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक. कडवं संपलं की ढोलकी तीन फेरे वाजवणार, आणि तेवढ्यात जवाब आला पाहिजे. नाही आला तर कोरस "मान्य!" म्हणून ओरडणार. एकदा मान्य झालेला आरोप खराच धरायचा. त्यावर पुन्हा जवाब द्यायचा नाही, त्या स्टेजवर नाही आणि पुढच्या गावातही नाही. उस्तादांच्या उस्तादांनी घालून दिलेली ही रीत होती आणि आम्ही ती देवळातल्या पुजाऱ्यापेक्षा कडक पाळायचो.

ताईला मी एकदाही अडकलेली पाहिली नव्हती. मी आठ-आठ दिवस डोकं खाजवून कडवं लिहायचो आणि ती दुसऱ्या फेऱ्यातच ते चुरगाळून परत फेकायची. पहिली कॅसेट अशाच एका सामन्याची. नांदेडचा एक कॅसेटवाला शेठ मशीन घेऊन आला होता. उस्तादांनी माझं कडवं टाकलं:

पागोट्याचा मान मोठा, पदराला का मोल गं
घरधन्याच्या नावावाचून घर होतं फोल गं

ताईनं पदर खोचला, माईक जवळ ओढला आणि पहिल्याच फेऱ्यात जवाब दिला:

तुझं पागोटं धुतं कोण, सांग भर सभेत रं
आईच्या पोटी आलास तूही, उगवला न्हाईस शेतात रं

मैदानातल्या बाया उठून उभ्या राहिल्या. त्या आरडाओरड्यात माझा बेंजोसुद्धा ऐकू येईना, आणि शेठनं ते सगळं जसंच्या तसं कॅसेटमध्ये ठेवलं. मग काय, जीपमध्ये ताई, पिठाच्या गिरणीवर ताई, लग्नाच्या मांडवात ताई. "ताईची कॅसेट" असंच लोक म्हणायचे. कडवं लिहिणारा मी आहे हे ज्यांना कळलं, त्यांनी मला "शेतात उगवलेला" करून टाकलं. माझी बायको हळू आवाजात तोच जवाब गुणगुणत भाकरी थापायची. मी आलो की गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं मला गाण्यापेक्षा जास्त लागायचं.

ताईबद्दल आता थोडं सांगायला पाहिजे. तिला एक पोरगी होती. गोरेगावच्या पलीकडच्या एका खेड्यात ताईचं सासर. गाते म्हणून नवरा मारायचा. एक दिवस त्यानं तिला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं आणि दोन वर्षांची पोरगी हातातून ओढून घेतली. ताई तीन दिवस त्या गावच्या शाळेच्या ओट्यावर बसून होती, पण पोरगी मिळाली नाही. पुढं नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, त्या बाईला तिची लेकरं झाली, आणि पोरगी तिथंच भांडी घासत मोठी होत राहिली. ताई वर्षातून दोनदा जायची. कधी भेटू द्यायचे, कधी दारातूनच परत पाठवायचे.

हे मला तिनं स्वतः सांगितलं होतं, दुसऱ्या कॅसेटच्या रेकॉर्डिंगच्या महिनाभर आधी. सेनगावहून कार्यक्रम करून सकाळच्या जीपनं आम्ही परत येत होतो. ती माझ्याशेजारी बसली होती आणि चेहरा असा उजळलेला, की मी विचारलं, "काय हो ताई, आज लई खुशीत?"

"भाऊ, पोरगी येऊन राहिली माह्याकडं," ती म्हणाली. "सासू म्हणली, चौथीची परीक्षा झाली की घेऊन जा. तेवढंच खाणारं एक तोंड कमी व्हईल म्हणली. म्हणू दे. मला काय त्याचं! फक्त एक अट घातली तिनं."

"कोणती?"

"आमच्या घराचं काई गाण्यात आलं न्हाई पायजे म्हणली. मारलं, हाकललं, लेकरू हिसकलं, असा एक बोल जरी कॅसेटात आयकू आला, त पोरगी पुन्हा दिसणार न्हाई. म्या म्हणलं, आईशपथ, तोंडातून अक्षर काढणार न्हाई."

मग ती मला विचारत राहिली की शाळेत नाव घालायला कोणते कागद लागतात, आणि दहा वर्षांच्या पोरीला फ्रॉक घ्यावा की पंजाबी ड्रेस. मी नीट उत्तरं दिली. मला तिच्याबद्दल बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. वाईट विचार जीपमध्ये आला नाही, तो नंतर आला.

शेठनं आम्हाला नांदेडला बोलावलं. पहिली कॅसेट हातोहात खपल्यामुळं तो आता खुर्ची द्यायचा आणि थंडा मागवायचा. पण त्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता.

"देखो उस्ताद," तो म्हणाला, "पहिल्या कॅसेटमध्ये लेडीज जिंकली. पुन्हा तीच जिंकली तर पब्लिक बोर होईल. इस बार उसको चुप कराओ. एकदम चुप. फिर तिसरी कॅसेट में वो बदला लेगी. तीन कॅसेट का मामला है."

उस्ताद ओशाळून हसले. "शेठ, तिला गप करणारं कडवं कोण लिव्हणार? आमच्या ह्या भावाला आजपोतर जमलं न्हाई."

शेठनं माझ्याकडं पाहिलं आणि तोही हसला. त्या हसण्यावर मी आठ दिवस जळलो. नवव्या दिवशी, एका किराणा दुकानाची पाटी रंगवताना, कडवं आपोआप जुळलं. ज्याचा जवाब कुणाला देता येणार नाही असं कडवं लिहायला फार हुशारी लागते, असं लोकांना वाटतं. मला तर फक्त जीपमध्ये तिच्याशेजारी बसावं लागलं होतं.

चिठ्ठी उस्तादांना दिली. त्यांनी दोनदा वाचली. "हे जरा जास्त हून राहिलं रे. तिचं लेकरू..."

"सामना हाय उस्ताद, सत्कार न्हाई," मी म्हणालो. "आन् ती काय कच्ची हाय का? देईल जवाब."

ती देणार नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिलं होतं.

स्टुडिओ म्हणजे एका गोदामाची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. पब्लिक म्हणून शेठनं आजूबाजूची पंधरा-वीस माणसं भरली होती. ताई नव्या साडीत आली होती. सामना 'आई' या विषयावर होता आणि पहिल्या चार कडव्यांत तिनं उस्तादांची धूळधाण केली. आईशिवाय जग कसं पांगळं, हे ती अशी गात होती की भाड्यानं आणलेली माणसंही डोळे पुसत होती. मग उस्तादांनी घसा साफ केला. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी मान हलवली, आणि त्यांनी टाकलं:

माईकाला तू कवटाळतेस, लेकराला का नाही गं
गाण्यापायी पोर टाकली, तू कशाची आई गं

पहिला फेरा सुरू झाला. ताईनं सवयीनं पदर खोचला, तोंड उघडलं, आणि तशीच राहिली. जवाब तिच्या जिभेवर आला होता, मी शपथेवर सांगतो. गळ्याची शीर हलताना मला दिसली. हिसकून घेतली हे सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या, आणि तिला तर एक ओळही पुरायची. दुसरा फेरा. तिनं उस्तादांकडं पाहिलं नाही, सरळ माझ्याकडं पाहिलं. मी बटणांवर मान घातली आणि वाजवत राहिलो. ढोलकीवाला बिचारा तिसरा फेरा जमेल तेवढा लांबवत होता. कोरस एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसला होता. मग शेठनं काचेमागून हात वर केला आणि कोरस ओरडला, "मान्य!"

रेकॉर्डिंग संपल्यावर मी बेंजोच्या तारा सैल करत होतो. ती माझ्याजवळ आली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, तेवढं कडवं काढायला सांगा शेठला. पोरगी आयकल."

"जवाब द्यायचा व्हता मग," मी म्हणालो.

"तुमाला ठाव हाय ना म्या काहून न्हाई दिला?"

"सामन्यात असं चालत न्हाई ताई. मान्य म्हंजे मान्य."

मी वायर गुंडाळत बसलो, गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली. ती गेल्यावर मला काय वाटलं? लाज वाटली म्हणावं तर ती पुष्कळ नंतरची. त्या वेळी मला हलकं वाटलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो, हे मला स्वच्छ आठवतं.

दुसरी कॅसेट आली. शेठचा अंदाज बरोबर निघाला. लोक जवाबासाठी जेवढे वेडे होते, त्याहून ते त्या गप्प बसण्यासाठी वेडे झाले. ढोलकीचे ते तीन फेरे रिवाइंड करकरून ऐकायचे. बाई गप्प झाली, बाई गप्प झाली! हिंगोलीच्या टपरीवर आता मला "शायर" म्हणू लागले आणि चहाचे पैसे घेईनात. पहिल्या कॅसेटला उभ्या राहिलेल्या बाया आता ताई गावात आली की पदराआड कुजबुजायच्या. एका गावात जेवणाच्या पंगतीत ताईनं कौतुकानं एका बाईचं तान्हं उचललं, तर त्या बाईनं ते हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाली. ताईनं हात पुसले आणि जेवायला बसली.

आणि मग कार्यक्रमांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या त्या एकाच अटीवर. गप्प बसण्याचा तो आयटम स्टेजवर करून दाखवा. उस्ताद आधी नाही म्हणाले, मग पाहू म्हणाले, मग करू लागले. ताई पार्टी सोडून जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. पोरगी आली तर तिला ठेवायला नीट खोली पाहिजे, शाळेजवळ पाहिजे, ती तिनं नुकतीच हिंगोलीत भाड्यानं घेतली होती आणि त्यासाठी कार्यक्रम करणं भाग होतं. म्हणून ती दर कार्यक्रमात उभी राहायची. उस्ताद कडवं टाकायचे, ढोलकी तीन फेरे घ्यायची, आणि ती हजार माणसांसमोर तोंड मिटून उभी. कोरसला ओरडायची गरजच पडायची नाही. सगळं मैदानच "मान्य, मान्य" करायचं. काही गावांत चपला हातात घेऊन टाळ्या वाजवायचे. मी मागं बसून बेंजो वाजवायचो. जानेवारीपासून जयंतीपर्यंत असे किती कार्यक्रम झाले, मी मोजले नाहीत. ती एकदाही अडखळली नाही की रडली नाही. परीक्षा होईपर्यंत काढायचं, एवढंच तिनं धरलं असावं.

परीक्षा झाली. मे महिन्यात एका सकाळी ती माझ्या पाट्या रंगवायच्या दुकानी आली. हातात नवा पंजाबी ड्रेस, पिशवीत घडी घालून ठेवलेला.

"भाऊ, आज पोरगीला आणायला चालले. तुमी या संगं. तिनं कॅसेट आयकली आसंल. तुमीच सांगा तिला, हे म्या लिव्हलं, खोटं लिव्हलं म्हणून. माह्यापेक्षा तुमचं आयकल ती."

मी ब्रश धुतला आणि निघालो. चांगुलपणानं नाही. नाही कसं म्हणावं ते सुचलं नाही म्हणून.

गोरेगावपर्यंत जीप मिळाली, पुढं चालत गेलो. उन्हाची भट्टी पेटली होती. सासू अंगणातच होती, मिरच्या वाळत घालत. तिनं आम्हाला बघून तोंड वाकडं केलं नाही की या-बसा म्हणाली नाही.

"म्या बोलले ते बोलले," ती ताईला म्हणाली. "तू शबूद पाळला, आमचं नाव काढलं न्हाई. म्या अडवीत न्हाई. पोरगीला इचार आन् घेऊन जा."

पोरगी मागच्या बाजूनं आली. हात राखेनं भरलेले, भांडी घासता घासता उठलेली. आईच्याच डोळ्यांची. ताईनं पिशवीतून ड्रेस काढून पुढं धरला. पोरीनं तो घेतला नाही.

"म्या न्हाई येत," ती म्हणाली.

"काहून ग माये?"

पोरीनं राखेचे हात पाठीमागं नेले. ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झालो. "बाई," मी म्हणालो, "कॅसेटमधलं ते कडवं मी लिव्हलंय. ते खोटं हाय. तुह्या आईनं तुला टाकलं न्हाई."

पोरीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खोटं व्हतं त आईनं जवाब काहून न्हाई दिला?" ती म्हणाली. "पहिल्या कॅसेटात ती बराबर जवाब देती. सगळ्यायला देती. माह्या टायमालाच काहून गप बसली?"

मिरच्या पसरणारा सासूचा हात थांबला. ताईला आता अट नव्हती. शब्द पाळून झाला होता, पोरगी न्यायची परवानगी मिळाली होती. दहा वर्षांच्या लेकराला तिनं तिथंच, त्या म्हातारीसमोर, सगळं सांगायला पाहिजे होतं. माझी खात्री होती की ती सांगेल. मला ते ऐकायचंही होतं. खरं सांगायचं तर मला सुटायचं होतं.

ताईनं पोरीकडं पाहिलं, मग त्या घराकडं पाहिलं. आत सावत्र आई चुलीपुढं होती, एक तान्हं तिच्या मांडीवर, एक पायाशी. पोरीचं दप्तर खुंटीला लटकलेलं. पोरगी येणार नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं. जिला याच घरात राहायचं आहे, याच आजीच्या हातचं खायचं आहे, तिला या माणसांचं खरं सांगून ती रोज कशी जेवेल?

"हे काका उगं म्हणून राहिले," ताई म्हणाली. तिचा आवाज साधा होता, गाण्यातला नव्हता. "लिव्हलंय ते खरं हाय. म्या गाण्यापायी टाकूनच गेलते तुला."

पोरीनं मान हलवली.

"आजी तेच म्हणती," ती म्हणाली, आणि भांडी घासायला मागं गेली.